शालेय ग्रंथालय : नोंदवहीपासून वाचकापर्यंत

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शाळेसाठी आवश्यक ठरवलेल्या गोष्टींची यादी आहे. वर्गखोल्या, शिक्षकसंख्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि क्रीडांगण यांच्याबरोबर त्या यादीत ग्रंथालयही आहे. वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके उपलब्ध करून देणारे ग्रंथालय प्रत्येक शाळेत असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तेव्हापासून पहिली ते आठवीतील मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक देणे ही शाळेची मर्जी राहिलेली नाही, ती कायद्याने मान्य केलेली गरज झाली आहे.

ग्रंथालयाला कायद्यात स्थान मिळाले, ते चालवणाऱ्या माणसाला मात्र मिळाले नाही. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीच्या मोठ्या पटाच्या शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अर्धवेळ निदेशकांची तरतूद आहे, ग्रंथपालाची नाही. वर्षातील कामाचे दिवस आणि अध्यापनाचे तास आकड्यांत ठरवून दिले आहेत; ग्रंथालयाच्या तासिकेविषयी एकही ओळ नाही. शालेय ग्रंथालयांच्या भवितव्याची चर्चा आज बहुधा संगणक, टॅब्लेट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्याभोवती फिरते. माणूस आणि वेळ या दोन जुन्या उणिवा त्या चर्चेत मागे पडतात.

शिक्षण मंत्रालयाच्या 'यू-डायस प्लस' या माहितीसंकलनानुसार २०२१-२२ मध्ये देशातील सुमारे १४.८९ लाख शाळांपैकी ८७.३ टक्के शाळांत ग्रंथालय, वाचनकक्ष किंवा वाचनकोपरा उपलब्ध होता. आकडा समाधानकारक वाटतो, पण त्यातील 'किंवा' हा शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाही. स्वतंत्र दालन, हजारो पुस्तके आणि प्रशिक्षित ग्रंथपाल असलेली महानगरातील शाळा आणि भिंतीलगतच्या दोरीवर पंचवीस-तीस पुस्तके टांगलेली वाडीवरची दोनशिक्षकी शाळा या दोन्ही एकाच रकान्यात मोजल्या जातात. (दोरीवरची पुस्तके मुलांच्या हाती अधिक वेळा पडण्याचा संभव असतो, हा भाग वेगळा.)

पुस्तके आहेत आणि पुस्तके वाचली जातात, या दोन वाक्यांतले अंतर मोजण्याचे एक साधन 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालातून मिळते. ग्रामीण भागातील सरकारी शाळांना भेट देणारे स्वयंसेवक त्या दिवशी मुले पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तके हाताळताना दिसली का, याची नोंद करतात. २०१८ मध्ये अशा शाळांचे प्रमाण ३६.९ टक्के होते. २०२२ मध्ये ते सुमारे ४४ टक्के झाले आणि २०२४ मध्ये ५१.३ टक्क्यांवर पोहोचले. सुधारणा स्पष्ट आहे. तरीही सुमारे निम्म्या शाळांत त्या दिवशी पुस्तके कपाटातच होती, असाही त्याच आकड्याचा अर्थ होतो.

याच अहवालातील वाचनक्षमतेचे आकडे त्याशेजारी ठेवून पाहावे लागतात. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या, सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. करोनाकाळातील दीर्घ शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते १६.३ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के झाले. पाचवीत ते ४४.८ टक्के आहे. म्हणजे सरकारी शाळेत पाचवीपर्यंत पोहोचलेली निम्म्याहून अधिक ग्रामीण मुले तीन इयत्ता मागचा मजकूर सलग वाचू शकत नाहीत. वाचन न येणाऱ्या मुलासाठी ग्रंथालय कशाला, असा प्रश्न यावर विचारला जातो आणि वाचायला पुस्तकच नसेल तर वाचन पक्के कसे होणार, असा प्रतिप्रश्नही. दोन्ही खरे आहेत. शालेय ग्रंथालयाच्या पुढच्या वाटचालीची चर्चा या पेचापासून सुरू व्हायला हवी.

बडोदे आणि मद्रास

शाळेच्या शिक्षणाला ग्रंथालयाची जोड हवी, हा विचार भारतात नवा नाही. त्याची सुरुवात एका मराठी भाषक राज्यकर्त्याच्या संस्थानात झाली. तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत अक्षरओळख झालेला मुलगा शाळा सुटल्यावर काही वर्षांत पुन्हा निरक्षर होतो, हे लवकरच ध्यानात आले. त्याला उपाय म्हणून सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन, गावोगावची वाचनालये आणि लाकडी पेट्यांतून खेड्यात पुस्तके पोहोचवणारी फिरती ग्रंथालये अशी साखळी उभी राहिली. सक्तीचे शिक्षण आणि ग्रंथालय ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, ही जाण त्या योजनेच्या मुळाशी होती. स्वतंत्र भारताच्या शैक्षणिक नियोजनात मात्र ही दोन अंगे दोन वेगळ्या खात्यांकडे गेली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ग्रंथालये राज्यसूचीत आहेत, तर शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आले. सार्वजनिक ग्रंथालयांचे कायदे राज्यागणिक निराळे आहेत. महाराष्ट्राचा १९६७ चा आहे. शाळेतील ग्रंथालय शिक्षण खात्याच्या अखत्यारीत राहते, आणि गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा व शाळेचा कागदोपत्री परस्परांशी संबंधच येत नाही.

दुसरा धागा मद्रासचा. गणिताचे अध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय. ही सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत सर्वांना पाठ असतात. रंगनाथन यांनी शालेय आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांवर १९४२ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे तेवढे लक्षात राहिलेले नाही. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, देशात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. बहुसंख्य प्राथमिक शाळांत त्या दिवशी शुभेच्छा देण्यासाठी ग्रंथपालच नसतो.

स्वातंत्र्यानंतर या विषयावर सर्वांत परखड शब्दांत लिहिले ते मुदलियार आयोगाने. माध्यमिक शिक्षणाच्या पाहणीसाठी १९५२ मध्ये नेमलेल्या या आयोगाने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला. बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणावे असे काही नाही. पुस्तके जुनी, कालबाह्य आणि विद्यार्थ्यांची आवड लक्षात न घेता निवडलेली असतात. ती अपुऱ्या, अनाकर्षक खोलीतील दोन-चार कपाटांत ठेवलेली असतात. आणि त्यांची जबाबदारी एखाद्या कारकुनाकडे किंवा त्यात रस नसलेल्या शिक्षकाकडे असते, असा त्या निरीक्षणांचा मथितार्थ. सत्तर वर्षांनंतरही एखाद्या तपासणी अहवालात ही वाक्ये तशीच घातली, तर कोणाला शंका येऊ नये. पुढे १९८७ मध्ये खडू-फळा मोहिमेतून प्राथमिक शाळांना पुस्तकांचे संच मिळाले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आठवड्यातून किमान एक तासिका ग्रंथालयासाठी राखावी, असे सुचवले; स्वतंत्र खोली नसेल तर शिक्षकाने पुस्तके वर्गात आणावीत आणि ती वाटून न देता मुलांना निवडू द्यावीत, इतक्या बारकाव्यानिशी सुचवले. 'पढे भारत बढे भारत' (२०१४), समग्र शिक्षा (२०१८) आणि निपुण भारत (२०२१) या योजनांनी हाच धागा पुढे नेला.

नुसती पुस्तके दिल्याने काय होते

समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपये अनुदान देण्याची तरतूद झाली. प्राथमिक शाळेच्या वाट्याला यातील सर्वांत लहान रक्कम येते. एका चांगल्या सचित्र पुस्तकाची किंमत सव्वाशे रुपये धरली, तर पाच हजारांत चाळीस पुस्तके येतात. दरवर्षी चाळीस निवडक पुस्तके मिळाली, तर पाच वर्षांत लहान शाळेचा संग्रह उत्तम होऊ शकतो. अडचण रकमेपेक्षा निवडीत आहे. खरेदी एकगठ्ठा होते आणि ठरलेल्या यादीतून होते. मग थोरांची चरित्रे, सामान्यज्ञान आणि बोधकथा यांचे गठ्ठे शाळेत पोहोचतात. पहिलीतल्या मुलाला हवे असते ते एका पानावर एक ओळ आणि मोठे चित्र असलेले पुस्तक. तेच नेमके गठ्ठ्यात नसते.

पुस्तके दिली की वाचन सुधारते, ही समजूत किती ठिसूळ आहे, हे कर्नाटकात झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. इव्हान बोर्कम, फँग ही आणि ली लिंडन या संशोधकांनी अक्षर फाउंडेशनच्या शालेय ग्रंथालय उपक्रमाची यादृच्छिक नियंत्रित चाचणी केली. काही शाळांना ग्रंथालय मिळाले, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सोळा महिन्यांनंतर मुलांच्या भाषिक कौशल्यांवर एकंदरीत काहीही परिणाम आढळला नाही. शाळेतच ग्रंथालय असलेल्या ठिकाणी फरक पडला नाही आणि फिरते ग्रंथपाल पाठवलेल्या शाळांत गुण किंचित घटले. ग्रंथालय चळवळीतील कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष अप्रिय वाटणे स्वाभाविक आहे. तो टाळून पुढे जाणे मात्र योग्य नाही.

याच लिंडन यांचा सहभाग असलेल्या, फिलिपिन्समधील तारलाक प्रांतातील अभ्यासाचा निष्कर्ष निराळा आला. तेथे चौथीच्या वर्गांना वयानुरूप पुस्तके दिली गेली, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि ३१ दिवस रोज ठरावीक वेळ वर्गात वाचन आणि वाचनाशी निगडित खेळ झाले. महिनाभरात वाचनक्षमतेत मोजता येईल अशी वाढ झाली आणि ती पुढे काही महिने, कमी प्रमाणात का होईना, टिकली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही पुरेसे कर्मचारी आणि चांगला संग्रह असलेल्या शालेय ग्रंथालयांचा आणि विद्यार्थ्यांच्या वाचनगुणांचा संबंध दिसून आला. ती पाहणी सहसंबंध दाखवते, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, हे खरे. तरीही हे सारे अभ्यास एकत्र वाचल्यावर एक गोष्ट ठसठशीतपणे पुढे येते. रोजच्या वेळापत्रकातील निश्चित वेळ आणि मुलांसोबत वाचणारा, त्यासाठी तयार झालेला प्रौढ माणूस हे दोन घटक जेथे होते, तेथे पुस्तकांचा उपयोग झाला.

ग्रंथपाल कोणी व्हायचे

केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचे पद मंजूर असते. महाराष्ट्रात अनुदानित माध्यमिक शाळांना पटसंख्येनुसार पूर्णवेळ किंवा अर्धवेळ ग्रंथपाल मिळतो, आणि अर्धवेळ पदांचे पूर्णवेळ पदांत रूपांतर हा तेथील संघटनांच्या मागणीपत्रातला वर्षानुवर्षांचा विषय आहे. प्राथमिक शाळांत मात्र असे पदच नाही. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथे ग्रंथपालाची अपेक्षा करणे व्यवहाराला धरून होणार नाही. त्यामुळे येत्या दहा-पंधरा वर्षांत प्राथमिक शाळेचा ग्रंथपाल हा बहुतांशी शिक्षकच असणार, हे गृहीत धरून प्रशिक्षणाची आखणी करावी लागेल.

सध्याच्या डी.एड. आणि बी.एड. अभ्यासक्रमांत बालसाहित्याला जेमतेम जागा असते. गोष्ट मोठ्याने कशी वाचावी, वाचताना कोठे थांबावे, कोणता प्रश्न विचारू नये, चित्रपुस्तक हे 'लहान पुस्तक' नसून त्याचे स्वतःचे वाचनशास्त्र कसे आहे, या गोष्टी शिकाव्या लागतात. टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाने चालवलेला ग्रंथालय-शिक्षकांचा अभ्यासक्रम नेमके हे शिकवतो. त्याच्या घडणीत गोव्यातील 'बुकवर्म' या संस्थेचा वाटा आहे. पालघर जिल्ह्यातील सोनाळे येथे काम करणाऱ्या 'क्वेस्ट' संस्थेने 'गोष्टरंग' या उपक्रमातून बालसाहित्यातील कथा नाट्यरूपाने आदिवासी भागातील शाळांत नेल्या. प्रयोगात पाहिलेली कथा नंतर पुस्तकात सापडली, की मुले ती आपणहून उघडतात. वाचता न येणाऱ्या मुलासाठी ग्रंथालय कशाला, या प्रश्नाचे उत्तर अशा कामातून मिळते. ऐकणे, पाहणे, चित्र वाचणे आणि मग अक्षर वाचणे, हा सगळा प्रवास ग्रंथालयाच्या आवाक्यातला आहे.

शिक्षकाच्या अनिच्छेला आणखी एक कारण असते आणि ते फारसे बोलले जात नाही. शाळेतील पुस्तकांची दाखलनोंद होते, ती मालमत्तेत गणली जातात आणि बदलीच्या वेळी शिक्षकाला किंवा मुख्याध्यापकाला त्यांचा हिशेब द्यावा लागतो. फाटलेले वा हरवलेले पुस्तक निर्लेखित करण्याची पद्धत कागदावर असते. तिच्या वाट्याला सहसा कोणी जात नाही. साहजिकच, कुलूपबंद कपाट हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. पाच-सात वर्षांच्या मुलांनी हाताळलेली पुस्तके फाटणारच. वर्षाला ठरावीक टक्के पुस्तके वापराने बाद होणार, असे मानून निर्लेखनाची सोपी मुभा देणारा आदेश आणि त्याची तपासणी अधिकाऱ्यांना दिलेली स्पष्ट समज, एवढ्याने जे साधेल ते नव्या इमारतींनी साधणार नाही. पैसा लागत नाही म्हणूनच बहुधा अशा सुधारणेला कोणी वाली नाही.

पडदा आणि पान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सर्व भारतीय भाषांत मुलांसाठी आनंददायी पुस्तके तयार करणे, सार्वजनिक व शालेय ग्रंथालयांचा मोठा विस्तार करणे, डिजिटल ग्रंथालये उभारणे आणि राष्ट्रीय पुस्तक प्रोत्साहन धोरण आखणे, अशी उद्दिष्टे आहेत. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुले व किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयाचे काम राष्ट्रीय पुस्तक न्यासाकडे आहे. त्याच घोषणेत राज्यांनी पंचायत व प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये स्थापन करावीत, असेही म्हटले होते. घोषणेच्या या उत्तरार्धाला पूर्वार्धाइतकी प्रसिद्धी मिळाली नाही.

डिजिटल संग्रहाचे खरे बळ कोठे आहे, हे ओळखले पाहिजे. 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या मुक्त परवान्याच्या मंचावर शेकडो भाषांतील गोष्टी आहेत. ज्यांची बाजारपेठ इतकी लहान की छापील पुस्तक काढणे परवडू नये, अशा आदिवासी भाषाही त्यांत आहेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे नोव्हेंबर १९७१ पासूनचे अंक संगणकीय रूपात विनामूल्य खुले झाले आहेत. रायपूर वा हैदराबादच्या मराठी घरातील मुलासमोर अर्धशतकाचे मराठी बालसाहित्य अशा रीतीने एका क्षणात येते. एरवी ते त्याला मिळणेच शक्य नव्हते. दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्या मुलांच्या बाबतीत तर डिजिटल ग्रंथ हा पर्याय नसून एकमेव वाट असते. त्यांच्यासाठी ग्रंथांचे सुगम्य रूपांतर सुलभ करणाऱ्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारतच होता, आणि २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले. सामान्य शाळेच्या ग्रंथालयात या सेवेची नुसती माहिती असणेही दुर्मीळ आहे.

लहान वयातील वाचनाची मुळाक्षरे मात्र पडद्यावर गिरवण्याविषयी सावधपणा वाढतो आहे. डिजिटल शिक्षणात आघाडीवर असलेल्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर राखून ठेवले आणि त्यापाठोपाठ शालेय ग्रंथालयात कर्मचारी असावेत, यासाठी कायदा बदलला. त्या देशाची परिस्थिती वेगळी. तेथे अतिरेकानंतरची माघार आहे, येथे अजून पहिले पुस्तकच पोहोचायचे आहे. पण भारतीय राज्यांना खर्चाचा क्रम ठरवताना हा अनुभव उपयोगी पडावा. एका टॅब्लेटच्या किमतीत किती चित्रपुस्तके येतात, हा हिशेब कोणतीही शाळा व्यवस्थापन समिती मांडू शकते.

माध्यमिक टप्प्यावर चित्र पालटते. तेथे ग्रंथालयाचे पुढील काळातील मुख्य काम पुस्तके देण्याचे नसून माहिती पारखायला शिकवण्याचे असेल, असे मानायला आधार आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती या विषयांचा २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात समावेश करण्याचे शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. प्रकल्पाचे उत्तर यंत्राने काही क्षणांत लिहून दिल्यावर विद्यार्थ्याने काय करायचे? ते उत्तर कोणत्या आधारावर उभे आहे, दुसरा स्रोत काय सांगतो, दोहोंत विरोध असेल तर कोणाचे का ग्राह्य धरायचे, हे प्रश्न विचारण्याची शिस्त त्याला लावावी लागेल. ही शिस्त ग्रंथालयशास्त्राने घडवलेली आहे. संदर्भग्रंथ कसा पाहावा, सूची कशी वापरावी, आवृत्तीचे वर्ष का तपासावे, या जुन्या धड्यांचा नवा अवतार म्हणजे माहिती-साक्षरता. तो संगणक शिक्षकावर सोपवला की यंत्र चालवणे शिकवले जाते आणि पारख बाजूला राहते. शालेय ग्रंथालयांविषयीच्या इफ्ला आणि युनेस्कोच्या १९९९ च्या जाहीरनाम्यात माहितीचा शोध आणि चिकित्सक वापर हे ग्रंथालयाचे काम म्हणून नोंदवले गेले, तेव्हा आजची यंत्रे कल्पनेतही नव्हती.

शाळा सुटल्यानंतर

नव्या धोरणातील आणखी एक सूचना अमलात आणायला कठीण, पण दूरगामी आहे. विशेषतः खेड्यांत शालेय ग्रंथालये शाळेच्या वेळेनंतर गावासाठी खुली असावीत, असे त्यात म्हटले आहे. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तेथील आईवडील मुलाबरोबर चित्रपुस्तक पाहू लागले, तर शाळेच्या प्रयत्नांना घराची साथ मिळेल. अडचणी उघड आहेत. कुलपाची किल्ली कोणाकडे, संध्याकाळी बसणार कोण, दिव्याचे बिल कोणाच्या नावावर, या तीन प्रश्नांवर अनेक चांगल्या योजना अडतात. कर्नाटकाने वाट उलट्या दिशेने काढली. ग्रामपंचायतींची पाच हजारांहून अधिक ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे आणून २०२० पासून 'ओदुव बेळकु' या मोहिमेत शाळकरी मुलांना तेथे विनामूल्य सभासद करून घेतले. केरळात वाचनालयांचे जाळे आधीपासूनच घट्ट आहे. ग्रंथालय चळवळीचे प्रणेते पी. एन. पणिक्कर यांचा स्मृतिदिन, १९ जून, तेथे वाचनदिन म्हणून पाळला जातो आणि शाळा त्यात सहभागी होतात. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. मात्र महाराष्ट्रातील हजारो अनुदानित सार्वजनिक वाचनालये आणि त्यांच्या शेजारच्या जिल्हा परिषद शाळा यांच्यात पुस्तकांच्या देवघेवीचा साधा करार व्हावा, याला अजून मुहूर्त लागलेला नाही. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर आईवडिलांबरोबर सहा-सहा महिने स्थलांतर करणाऱ्या मुलांना तर गावच्या शाळेचे कपाट उघडे असले तरी उपयोग नाही. त्यांच्यासाठी बडोद्याच्या लाकडी पेटीसारखेच काहीतरी लागेल.

महाराष्ट्राबाहेरील मराठी मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुरत आणि वडोदरा येथील महापालिकांच्या मराठी माध्यमाच्या शाळा, बेळगाव-निपाणी परिसरातील आणि गोव्यातील मराठी शाळा येथे संग्रहात मराठी पुस्तके असतात. पण त्या त्या राज्याच्या खरेदीयादीत मराठीचे स्थान अल्पसंख्य भाषेचे असल्याने नवी पुस्तके क्वचितच येतात. दिल्ली, इंदूर, बंगळूरु येथील बहुसंख्य मराठी मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या शाळेच्या ग्रंथालयात मराठीचा एखादा कप्पा असावा, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. तसेच मुंबई-पुण्यातील शाळांत गुजराती, तेलुगू किंवा कन्नड घरांतून येणाऱ्या मुलांसाठीही लिहिलेले नाही. सर्व स्थानिक आणि भारतीय भाषांतील दर्जेदार बालपुस्तके व त्यांचे अनुवाद शाळांपर्यंत पोहोचवण्याचे २०२० च्या धोरणातील वचन जेथे प्रथम कसोटीला लागेल, त्या जागा या आहेत. समग्र शिक्षेच्या पुस्तकयाद्या ठरवणाऱ्या राज्यस्तरीय समित्यांना त्यासाठी शेजारच्या राज्याच्या भाषेतील शे-दोनशे शीर्षके यादीत घ्यावी लागतील, आणि ती निवडण्यासाठी ती भाषा जाणणारा माणूस समितीवर बसवावा लागेल.